वॉशिंग्टनच्या तळघरांतले कागद

शनिवार, आर्लिंग्टन

वॉशिंग्टनला येणारा प्रवासी सहसा कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, घुमटापासून सुरुवात करतो. माझे काम मात्र पोटोमॅक नदीच्या पलीकडे, व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टनमध्ये, अंगण आणि तळघर असलेल्या साध्या घरांच्या गल्ल्यांत होते. वॉशिंग्टनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी मुलांनी उभे केलेले पंक, म्हणजे वेगवान, कर्कश रॉक संगीत, आणि त्या संगीताभोवती निघालेली हस्तनिर्मित, झेरॉक्स केलेली छोटी नियतकालिके, ज्यांना तिकडे झीन म्हणतात, ती आता ग्रंथालयांत कशी जपली जातात, हे मला पाहायचे होते. पुण्यात मी मराठी अनियतकालिकांच्या सूचीचे काम करते. 'शब्द', 'असो', 'वाचा' या काळातले सायक्लोस्टाइल केलेले कागद हाताळताना शाई कुठे फिकी पडते आणि कागद कुठल्या घडीवर तुटतो हे पाठ झालेले असल्यामुळे, साधारण त्याच जातीच्या कागदांचे दुसरीकडे काय केले जाते याची उत्सुकता फार दिवसांची होती.

माझी मामेबहीण आर्लिंग्टनमध्येच राहते. तिला बेत सांगितला तेव्हा ती हसली. "ताई, इथे सगळी सरकारी नोकरीतली माणसं. तुझे पंकवाले इथे कुठून आले?" तिच्या प्रश्नातच उत्तर होते, कारण ते नेमके असल्याच घरांतून आले. इयन मकाय या मुलाचे वडील 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये पत्रकार होते. त्याने आणि जेफ नेल्सनने शाळेतल्या मित्रांबरोबर १९७९ मध्ये 'टीन आयडल्स' नावाचा बँड काढला, तो वर्षभरात मोडला, आणि कार्यक्रमांतून साठलेले पैसे आपसांत वाटून घेण्याऐवजी मुलांनी त्यांतून स्वतःचीच एक छोटी तबकडी काढायचे ठरवले. त्यासाठी १९८० मध्ये स्थापन झालेली 'डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स' ही कंपनी अजून चालू आहे आणि आजही केवळ वॉशिंग्टन परिसरातल्याच बँडची ध्वनिमुद्रणे काढते. पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती होत्या. वेष्टन कसे बनवतात हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून बाजारातल्या एका तबकडीचे वेष्टन उकलून सपाट केले, त्याच्या कडा कागदावर गिरवल्या, तसे छापून आणले आणि मग घरी बसून कात्रीने कापून, घड्या घालून, डिंकाने चिकटवले.

त्या काळी भाडे कमी होते म्हणून ही मुले नदीपलीकडे आर्लिंग्टनमध्ये एका घरात एकत्र राहू लागली. तालीम तळघरात, तबकड्यांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावर, पत्रव्यवहार स्वयंपाकघरात, असा सगळा कारभार होता. ध्वनिमुद्रणही आर्लिंग्टनमधल्याच एका घराच्या तळघरात होत असे. डॉन झिएंटारा यांचा 'इनर इअर' स्टुडिओ तिथे सुरू झाला, १९९० मध्ये मोठ्या जागेत गेला आणि इमारत पुनर्विकासासाठी काऊंटीने, म्हणजे स्थानिक प्रशासनाने, घेतल्यावर २०२१ मध्ये बंद पडला. त्या रस्त्यावर संध्याकाळी बहिणीबरोबर चक्कर मारली. पाहण्यासारखे तिथे आता काही नाही, आणि राहत्या खाजगी घरांसमोर उभे राहून फोटो काढण्याची मला हौस नाही.

सोमवार, एफ स्ट्रीट

शहराच्या मध्यभागी, एफ स्ट्रीटवर ९३० क्रमांकाच्या पत्त्यावर १९८० च्या मे महिन्याअखेर '९:३० क्लब' उघडला. पत्ता हेच नाव. तिथून हाकेच्या अंतरावर फोर्ड्‌स थिएटर आहे, जिथे १८६५ मध्ये लिंकनवर गोळी झाडली गेली आणि जिथे आजही शाळांच्या सहलींची रांग असते. क्लबच्या जुन्या जागेसमोर रांग अर्थातच नव्हती. क्लब १९९६ मध्ये व्ही स्ट्रीटवर गेला, आणि इथे आता कार्यालयांची झकपक इमारत आहे. सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर 'डी.सी. स्पेस' हे कार्यक्रमांचे ठिकाण होते, ते १९९१ मध्ये बंद झाले आणि पुढे तिथे कॉफीचे दुकान आले.

या भागातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 'टीन आयडल्स'ची मुले १९८० च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला गेली असता तिथल्या क्लबने, ती दारू पिण्याच्या वयाची नाहीत हे चटकन कळावे म्हणून, त्यांच्या हातांच्या पाठीवर शाईने मोठी फुली मारली. वॉशिंग्टनला परतल्यावर त्यांनी क्लबचालकांना हाच तोडगा सुचवला: फुली मारा, दारू देऊ नका, पण आम्हांला आत येऊन संगीत ऐकू द्या. वय लहान असल्याची ही खूण पुढे व्यसन न करण्याच्या भूमिकेची खूण झाली. 'मायनर थ्रेट' या मकायच्या पुढच्या बँडचे त्या विषयावरचे गाणे जेमतेम ४६ सेकंदांचे आहे, आणि तेवढ्यातून जगभर एक पंथ निघाला. 'टीन आयडल्स'च्या त्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर दोन हात एकमेकांवर ठेवलेले आहेत आणि त्यांवर फुल्या आहेत. तंबाखू, दारू यांशिवाय बंडखोरी होत नाही असे मानणाऱ्या आपल्याकडच्या साहित्यिक मंडळींना हे पचायला जड गेले असते, असे वाटून मला रस्त्यातच हसू आले.

मंगळवार, मध्यवर्ती ग्रंथालय

मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर स्मृती ग्रंथालय हे शहराचे मध्यवर्ती सार्वजनिक ग्रंथालय आहे. काळे पोलाद आणि काच यांची ही इमारत लुडविग मीस व्हान डेर रोह या वास्तुरचनाकाराची असून ती १९७२ मध्ये उघडली. मोठ्या नूतनीकरणानंतर २०२० मध्ये ती पुन्हा खुली झाली. चौथ्या मजल्यावर 'पीपल्स आर्काइव्ह' आहे, आणि त्यातच २०१४ मध्ये सुरू झालेला 'डी.सी. पंक आर्काइव्ह' सांभाळला जातो.

सार्वजनिक ग्रंथालयाने हे काम हाती घ्यावे याला महत्त्व आहे. विद्यापीठाच्या दालनात शिरायला ओळखपत्र, शिफारस, किमान धीटपणा तरी लागतो. इथे तळमजल्यावर वर्तमानपत्र वाचायला आलेला माणूस लिफ्टने वर जाऊन चाळीस वर्षांपूर्वीच्या तळघरातल्या कार्यक्रमाचे पत्रक मागू शकतो. संग्रह उभा करताना ग्रंथालयाने आणखी एक गोष्ट केली: आपल्याच तळघरात पंक बँडचे मोफत कार्यक्रम ठेवले. ज्यांच्याकडे माळ्यावर खोकी पडून होती अशी, आता पन्नाशी ओलांडलेली माणसे त्या निमित्ताने ग्रंथालयात आली, आणि आज वाजवणारी मुलेही आली. दात्यांना पत्रे पाठवून वाट पाहत बसणाऱ्या आपल्या संस्थांनी हा उपाय जरूर विचारात घ्यावा.

वाचनकक्षात पेनला मनाई असते, फक्त पेन्सिल चालते. मागितलेली खोकी एकेक करून टेबलावर येतात, आणि एका वेळी एकच पाकीट उघडायचे असते. पत्रके पाहताना माझ्या ध्यानात आले की त्यांवर वार आणि तारीख असते, पण वर्ष बहुधा नसते. पुढच्या शुक्रवारी होणाऱ्या कार्यक्रमाच्या जाहिरातीवर वर्ष कोण घालणार? त्यामुळे सूचीकाराला वार व तारीख यांची सांगड घालून, कोणत्या वर्षी ती जमते ते काढून, त्या वर्षी पत्रकावरचे तिन्ही बँड अस्तित्वात होते काय हे ताडून पाहावे लागते. हे काम मला नवे नाही. आपल्याकडच्या अनियतकालिकांवरही 'अंक दुसरा' एवढेच असते आणि साल संपादकाच्या स्मरणावर सोडलेले असते.

त्याच मजल्यावर, त्याच विभागात, गो-गो संगीताचाही संग्रह आहे. गो-गो हे वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले, न थांबणाऱ्या तालवाद्यांचे नृत्यसंगीत. २०२० मध्ये शहराने त्याला अधिकृत संगीताचा दर्जा दिला. 'मायनर थ्रेट'चा शेवटचा कार्यक्रम २३ सप्टेंबर १९८३ रोजी झाला, तेव्हा त्याच मंचावर 'ट्रबल फंक' हा गो-गो बँडही होता. पण दोन्हींचे अवशेष वेगळ्या स्वरूपाचे आहेत. गो-गोची स्मृती मुख्यतः कार्यक्रमांच्या कॅसेटांवर आहे, ज्या हातोहात विकल्या आणि पुन्हा पुन्हा कॉपी केल्या जात, आणि बाल्टिमोरच्या 'ग्लोब' छापखान्याने भडक रंगांत छापलेल्या पोस्टरांवर आहे. ती पोस्टरे विजेच्या खांबांवर लागत आणि पावसात जात. पंकवाल्यांकडे कोरडी तळघरे होती आणि वडिलांच्या कार्यालयात झेरॉक्स यंत्रे होती. हा फरक कलेचा नाही, राहत्या घराचा आहे, आणि आज कोणाची किती खोकी कपाटात आहेत हे पाहताना तो विसरता येत नाही.

पंक म्हणजे केवळ गोऱ्या मुलांचा खेळ असेही म्हणता येत नाही, कारण या शहराच्या पंकला ज्यांनी वेग शिकवला ते 'बॅड ब्रेन्स' कृष्णवर्णीय होते. आधी जॅझ फ्यूजन वाजवणाऱ्या या वादकांची पहिली छोटी तबकडी १९८० मध्ये आली. ती ऐकल्यावर बाकीच्यांना आपण किती सैल वाजवतो ते कळले, असे त्या पिढीतले अनेक जण सांगतात. १९८२ मध्ये निघालेल्या त्यांच्या कॅसेटच्या मुखपृष्ठावर कॅपिटॉलच्या घुमटावर वीज कोसळताना दाखवली आहे. तोवर ते न्यूयॉर्कला निघून गेले होते.

बुधवार, कॉलेज पार्क

हिरव्या मार्गाच्या मेट्रोने कॉलेज पार्कला उतरून मेरिलँड विद्यापीठाच्या कलासंकुलातले मिशेल स्मिथ ग्रंथालय गाठले. इथे डी.सी.तल्या, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या, पंक आणि इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या) संगीताच्या झीनचा स्वतंत्र संग्रह आहे. तो आकाराला आणणारे जॉन डेव्हिस स्वतः 'क्यू अँड नॉट यू' या बँडमध्ये होते, हे समजल्यावर सूचीतल्या नोंदींचा नेमकेपणा कुठून आला ते कळते. कोण कोणत्या बँडमध्ये आधी ड्रम वाजवत होता आणि नंतर गिटार, ही माहिती बाहेरच्या ग्रंथपालाला कुठल्याच कोशात मिळाली नसती.

'कॅपिटॉल क्रायसिस', 'ट्रूली नीडी', 'थ्रिलसीकर', 'इफ धिस गोज ऑन' ही १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या काही झीनची नावे. मी एक पातळ अंक निवांतपणे पाहिला. अक्षरे टंकयंत्राची, 'ई'चे पोट शाईने भरलेले. शीर्षके वर्तमानपत्रांतून कापलेल्या अक्षरांची, आणि चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा झेरॉक्समध्ये काळ्या रेघा होऊन उतरलेल्या. एका परिच्छेदावर पांढरा द्रव लावून वरून हाताने दुरुस्ती केलेली, ती प्रतीत स्पष्ट दिसते. मध्ये दोन टाचण्या होत्या, त्या गंजू नयेत म्हणून काढल्या गेल्या आहेत, पण त्यांचे तांबूस ठसे कागदावर राहिले आहेत. शेवटच्या पानाचा एक तृतीयांश भाग कोरा, कारण अंक तिघडी करून त्या कोऱ्या भागावर पत्ता लिहून, तिकीट लावून टपालात टाकायचा असे. या प्रतीवर तिकीटही होते आणि पोस्टाचा शिक्काही. वर्षाचा प्रश्न शिक्क्याने परस्पर सोडवला.

मजकुराबद्दल स्पष्ट सांगायचे तर परीक्षणे बरीचशी सामान्य आहेत. मित्राचा बँड उत्तम, पलीकडच्या गावचा बँड बरा, आणि मोठ्या कंपनीशी करार करणारा बँड विकला गेलेला, एवढ्या तीन निकषांवर पुष्कळशी पाने भागतात. मुलाखती लांबलचक आणि घसरणाऱ्या आहेत. मोल आहे ते कोपऱ्यांत. तबकडीची किंमत टपालखर्चासह किती, पैसे नको असल्यास त्याबदल्यात किती तिकिटे पाठवावीत, कोणत्या गावात कोणाच्या घरी झोपायला जागा मिळेल, कोणत्या सभागृहाचा मालक पैसे बुडवतो, आणि वाचकांची पत्रे, ज्यांत कधी रस्त्यावरच्या मारामाऱ्यांबद्दल तक्रार असते तर कधी कार्यक्रमात मुलींना पुढे उभे राहू दिले जात नाही याबद्दल. एका गावचा बँड दुसऱ्या गावी कसा पोचला, हे कुठल्याही इतिहासापेक्षा या पत्त्यांवरून नीट कळते.

या लोकांच्या नोंदी ठेवण्याच्या सवयीचे सर्वांत मोठे उदाहरण मकायच्या नंतरच्या 'फुगाझी' या बँडचे आहे. १९८७ ते २००२ या काळात या बँडने १,००० हून अधिक कार्यक्रम केले, तिकीट शक्यतो पाच डॉलरच्या आसपास ठेवले, आणि त्यांच्या ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्यांनी त्यांतले ८०० हून अधिक कार्यक्रम ध्वनिमुद्रित केले. २०११ पासून ही मुद्रणे एकेक करून लोकांना खुली केली गेली. सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलरच. वाईट वाजवलेले कार्यक्रमही वगळलेले नाहीत, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने त्यांचेच महत्त्व अधिक.

गुरुवार, मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू आणि जॉर्जटाउन

राजदूतावासांच्या या रस्त्यावर आपल्या दूतावासाजवळ गांधीजींचा चालता पुतळा आहे. तिथून वर चढत गेले की दक्षिण आफ्रिकेचा दूतावास येतो, आणि त्यासमोर मूठ उंचावलेला मंडेलांचा पुतळा उभा आहे. रस्त्यापलीकडे, ब्रिटिश दूतावासाच्या आवारात, चर्चिलचा पुतळा आहे. दोघे समोरासमोर, दोघांचाही एकेक हात वर.

इथे २१ जून १९८५ रोजी पंक मुलांनी ढोल, डबे, बादल्या, हाती लागेल ते बडवून वर्णभेदाविरुद्ध निदर्शने केली. त्या वर्षाच्या उन्हाळ्याला ती मंडळी 'क्रांतीचा उन्हाळा' म्हणतात. कार्यक्रमांतली मारामारी आणि टवाळखोरी यांना कंटाळून त्यांनी नवे बँड काढले, आणि त्याच वर्षी 'पॉझिटिव्ह फोर्स' ही कार्यकर्त्यांची संघटना उभी राहिली, जी मदतनिधीचे कार्यक्रम आजतागायत करत आली आहे. निवारागृहे, भोजनगृहे, कायदेशीर मदत यांसाठी चर्चची तळघरे मिळवायची, दार सर्व वयांना खुले ठेवायचे, आणि जमा झालेला पैसा संस्थेला द्यायचा. सामाजिक कार्यासाठी नाटकाचा प्रयोग लावण्याची आपली रीत ज्यांना माहीत आहे त्यांना यात परके वाटण्याजोगे काही नाही.

उतरून जॉर्जटाउनला गेले. या विद्यापीठाने आपले डब्ल्यूजीटीबी हे बंडखोर रेडिओ केंद्र १९७९ च्या आरंभी बंद केले आणि त्याची वारंवारता दुसऱ्या विद्यापीठाला एका डॉलरला देऊन टाकली. निषेधाचा कार्यक्रम ३ फेब्रुवारीला विद्यापीठाच्याच सभागृहात झाला. 'क्रॅम्प्स' हा बँड वाजवत होता, तोबा गर्दी झाली, आणि मकायने पाहिलेला तो पहिला पंक कार्यक्रम होता. म्हणजे केंद्र बंद करणाऱ्यांनी, मनात नसताना, पुढच्या चळवळीला प्रेक्षक गोळा करून दिले. जवळच्याच एका आइस्क्रीमच्या दुकानाचा व्यवस्थापक असलेला हेन्री गारफिल्ड १९८१ मध्ये नोकरी सोडून कॅलिफोर्नियाच्या 'ब्लॅक फ्लॅग'चा गायक झाला आणि हेन्री रोलिन्स या नावाने गाजला. जॉर्जटाउन आता महागड्या कपड्यांच्या दुकानांचे आहे. तासाभरात पुरे झाले.

शुक्रवार, माउंट प्लेझंट

मे १९९१ मध्ये या वस्तीत पोलिसांनी एका एल साल्व्हाडोरच्या माणसावर गोळी झाडल्यावर दंगल उसळली. त्याच उन्हाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिंपिया शहरातून 'ब्रॅटमोबिल' आणि 'बिकिनी किल' या बँडमधल्या मुली इथे येऊन राहिल्या, आणि हवेत असलेल्या दंगलीच्या गोष्टींतून 'मुलींची दंगल' ही कल्पना निघाली. जुलैमध्ये 'रायट गर्ल' नावाचे छोटे झीन निघाले, आणि 'पॉझिटिव्ह फोर्स'च्या आर्लिंग्टनच्या घरात केवळ मुलींच्या बैठका सुरू झाल्या. गाण्यांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, हे काम कागदावर झाले. अत्याचार, शरीर, मैत्रीतली असूया याबद्दल ज्या गोष्टी घरात किंवा शाळेत बोलता येत नव्हत्या त्या मुलींनी झेरॉक्स करून अनोळखी मुलींना टपालाने पाठवल्या.

हे झीन ग्रंथालयात पाहताना एक पेच पडतो. पन्नास मैत्रिणींसाठी म्हणून लिहिलेला कबुलीवजा मजकूर, लिहिणारीचे नाव आणि त्या वेळचा घरचा पत्ता यांसह, आता कुणीही मागवून वाचू शकतो. कागद उपलब्ध करून देणे आणि त्याचे छायाचित्र जगभर खुले करणे यांत फरक ठेवला पाहिजे, आणि दुसऱ्या गोष्टीसाठी लिहिणारीला विचारले पाहिजे, असे माझे मत या दिवशी पक्के झाले.

शनिवार, रीनो टेकडी आणि एक तळघर

सकाळी टेनलीटाउनला उतरून फोर्ट रीनोला गेले. हे शहरातले सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे १२५ मीटर. १९६८ पासून इथल्या मैदानावर उन्हाळ्यात मोफत कार्यक्रम होत आले आहेत, आणि 'फुगाझी'सारखे बँड इथे गवतावर बसलेल्या आईबापांसमोर व लहान मुलांसमोर वाजवत. मकाय आणि नेल्सन ज्या शाळेत शिकले ती शेजारीच आहे. तिचे विल्सन हे नाव २०२२ मध्ये बदलून जॅक्सन-रीड झाले. या मैदानाखाली मात्र आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर इथे रीनो नावाची, मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती होती. शाळा आणि उद्यान यांसाठी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उठवली गेली. गवतावर त्याची खूण जवळपास नाही.

संध्याकाळी एका चर्चच्या तळघरात कार्यक्रम होता. दाराशी डब्यात स्वेच्छेने पैसे टाकायचे, दारू नाही, कानांत घालायला स्पंजचे बोळे फुकट. बहीणही आली आणि दुसऱ्या बँडपर्यंत टिकली, ही तिच्या स्वभावाला धरून मोठीच गोष्ट होती. ढोलाचा ठोका पायांखालच्या लाद्यांतून वर येत होता. मागे टेबलावर झीन मांडले होते, बरेचसे रिसोग्राफ या छपाईयंत्रावर दोन रंगांत छापलेले. विकणाऱ्या मुलीने, वय असेल विशीच्या आसपास, मी अंक उलटून मागचे पान पाहते आहे हे पाहून विचारले की मी काय शोधते आहे. साल, मी म्हणाले. तिने आतल्या पानावर बोट ठेवले. तिथे महिना, वर्ष, प्रतींची संख्या आणि कागदाचा प्रकारही छापला होता. ग्रंथालयातल्या बाईंनी एकदा सांगितले तेव्हापासून आम्ही सगळेच घालतो, असे ती म्हणाली, आणि प्रत्येक अंकाच्या दोन प्रती वेगळ्या काढून एक शहराच्या ग्रंथालयाला व एक कॉलेज पार्कला नेऊन देतो. किंमत तीन डॉलर होती. मी चार अंक घेतले, आणि तिने सुट्टे नाहीत म्हणून पाचवा वर दिला.